संहितेची मालकी आणि गायकाचे कर्तृत्व : बेसी स्मिथ, बिली हॉलिडे, पॉल रॉब्सन

१

नोव्हेंबर १९३३ मध्ये न्यू यॉर्क शहरात तीन दिवसांच्या अंतराने दोन ध्वनिमुद्रणे झाली. २४ नोव्हेंबरला बेसी स्मिथने आपली अखेरची गाणी मुद्रित केली आणि २७ नोव्हेंबरला अठरा वर्षांच्या बिली हॉलिडेचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर उमटला. या दोन्ही प्रसंगांमागे जॉन हॅमंड हा एका धनाढ्य घराण्यातला, वर्णभेदाविरुद्ध मनापासून झगडणारा श्वेतवर्णीय तरुण होता. ब्लूजची परंपरा एका पिढीकडून दुसरीकडे सुपूर्द होत असल्याचे प्रतीक म्हणून जॅझचे इतिहासकार या योगायोगाकडे पाहतात. साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने मात्र त्यातील एक वेगळा दुवा अधिक महत्त्वाचा आहे. या दोन्ही गायिकांची पुढे जी जीवनकथा प्रचलित झाली ती त्यांनी स्वतः रचलेली नव्हती. ती घडवण्यात हॅमंडसारख्या सहानुभूतिशील मध्यस्थांचा मोठा वाटा होता, आणि त्या कथेने दोघींच्या कलाकृतींवर बऱ्याच अंशी मात केली.

विसाव्या शतकातील कृष्णवर्णीय अमेरिकन गायकांसंबंधी जे लेखन झाले त्यात चरित्राला असाधारण स्थान आहे. दारिद्र्य, वर्णद्वेष, व्यसन, तुरुंगवास आणि अकाली मृत्यू हे या चरित्रांचे ठरीव टप्पे आहेत. ते खोटे आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु दुःखातून स्वर आपोआप निर्माण झाला असे एकदा मानले, की गाणे ही रचलेली, निवडलेली, तपासून घेतलेली कृती उरत नाही, ते केवळ जखमेचे लक्षण ठरते. कवीच्या बाबतीत चरित्रनिष्ठ समीक्षेने केलेला हाच अपराध नवसमीक्षेने फार पूर्वी उघड केला होता. गायकांच्या बाबतीत तो आजही फारसा अपराध मानला जात नाही. याचे कारण असे, की गायकाला मुळात कृतीचा कर्ता मानण्याचीच आपली तयारी नसते. शब्द गीतकाराचे, स्वररचना संगीतकाराची, तबकडी कंपनीची; मग गायकाचे असे काय उरते? त्याचे केवळ आयुष्य उरते. म्हणून त्याचे चरित्र लिहिले जाते.

बेसी स्मिथ, बिली हॉलिडे आणि पॉल रॉब्सन या तिघांच्या कारकिर्दींतून हा प्रश्न तीन वेगवेगळ्या बाजूंनी समोर येतो.

२

टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे जन्मलेली बेसी स्मिथ फिरत्या खेळांच्या तंबूंतून गात मोठी झाली. फेब्रुवारी १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी तिने 'डाउनहार्टेड ब्लूज' हे गाणे मुद्रित केले. अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन यांची ही रचना बेसीच्या आवाजात लाखोंच्या संख्येने खपली. पुढील दहा वर्षांत तिने सुमारे १६० गाणी मुद्रित केली. कंपनीशी झालेल्या करारात प्रत्येक वापरण्याजोग्या ध्वनिमुद्रणामागे ठोक रकमेची तरतूद होती. विक्रीवरील मानधनाची नव्हती. कायद्याच्या लेखी ती आपल्या तबकड्यांची कर्ती नव्हती, मोबदला घेऊन सेवा देणारी व्यक्ती होती. कर्तृत्वाचा प्रश्न किती ऐहिक आहे हे या एका तरतुदीवरूनच ध्यानात यावे.

तिच्या मृत्यूची हकिकत तिच्या गाण्यांपेक्षा अधिक लोकांना ठाऊक आहे. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपीतील क्लार्क्सडेल गावाजवळ, ६१ क्रमांकाच्या महामार्गावर तिच्या मोटारीला अपघात झाला. हात जवळजवळ तुटला आणि त्याच सकाळी तिचा मृत्यू झाला. नोव्हेंबरमध्ये हॅमंडने 'डाउन बीट' या संगीतविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. श्वेतवर्णीयांच्या इस्पितळाने तिला प्रवेश नाकारला आणि या हेळसांडीत ती रक्तस्रावाने मरण पावली, अशी ऐकीव माहिती त्याने त्यात प्रश्नांकित स्वरूपात मांडली. प्रश्नचिन्ह लवकरच गळून पडले आणि आख्यायिका उरली. एडवर्ड ऑल्बीने याच आख्यायिकेवर 'द डेथ ऑफ बेसी स्मिथ' हे नाटक लिहिले. १९६० मध्ये बर्लिन येथे त्याचा पहिला प्रयोग झाला.

क्रिस अल्बर्टसनने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या आख्यायिकेची छाननी केली. अपघातस्थळी योगायोगाने पोहोचलेल्या डॉक्टरची साक्ष त्याने मिळवली. तिच्यावरून असे दिसते, की बेसीला श्वेतवर्णीयांच्या इस्पितळात नेलेच गेले नव्हते. क्लार्क्सडेलमध्ये दोन वर्णांसाठी दोन इस्पितळे होती आणि तिला कृष्णवर्णीयांच्या इस्पितळात दाखल करण्यात आले. आख्यायिका तथ्याच्या पातळीवर चूक ठरली. तिच्यातील आरोप मात्र त्यामुळे निराधार ठरत नाही. जखमी स्त्रीला दुसऱ्या दारी नेण्याचा विचारही कोणाच्या मनात येऊ नये इतकी वर्णविभाजनाची व्यवस्था अंगवळणी पडली होती. प्रवेश नाकारण्याची वेळच येऊ न देणारी ही व्यवस्था प्रवेश नाकारणाऱ्या एखाद्या क्रूर कारकुनापेक्षा अधिक भयंकर होती. आख्यायिकेने रचनेतील अन्यायाचे रूपांतर एका प्रसंगातील अन्यायात केले आणि अशा रीतीने तो सौम्यच केला.

ऑल्बीच्या नाटकात बेसी स्मिथ रंगमंचावर एकदाही येत नाही. तिचा मृत्यू हे निमित्त आहे. नाटक चालते ते इस्पितळातील श्वेतवर्णीय पात्रांच्या कुजलेल्या मनोव्यापारांवर. नाट्यरचनेची ही युक्ती समर्थनीय आहे, परंतु बेसीसंबंधीच्या साऱ्या चरित्रपर लेखनाचे ते अभावित रूपकही ठरते. तिच्या नावाने उभ्या राहिलेल्या संहितेत ती स्वतः आणि तिचा आवाज अनुपस्थित आहे.

त्या आवाजाकडे वळले तर निराळे चित्र दिसते. १७ फेब्रुवारी १९२७ रोजी तिने 'बॅक वॉटर ब्लूज' हे स्वतः रचलेले गाणे जेम्स पी. जॉन्सनच्या पियानोच्या साथीने मुद्रित केले. पुराने घर गमावलेल्या स्त्रीचे हे आत्मगत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिसिसिपी नदीचे बांध फुटले, लाखो लोक बेघर झाले, आणि हे गाणे त्या महापुराचेच आहे असे श्रोत्यांनी मानले. कित्येक इतिहासकारांनीही तसे लिहिले. ध्वनिमुद्रणाची तारीख या समजुतीच्या आड येते. पुढील संशोधनाने १९२६ च्या नाताळातील नॅशव्हिल येथील पुराकडे बोट दाखवले आहे. येथे चरित्र आणि कृती यांच्या संबंधाचा एक मूलगामी पैलू प्रकट होतो. एका पुराला दिलेली शब्दस्वरांची आकृती दुसऱ्या, अधिक मोठ्या पुराला पुरून उरली, कारण ती आकृती होती. ती निव्वळ अनुभवाचा हुंकार असती तर त्या अनुभवाबरोबरच सरली असती. श्रोत्यांनी केलेला कालविपर्यास हा बेसीच्या रचनासामर्थ्याचा पुरावा आहे.

३

बिली हॉलिडेच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तिच्या नावावर एक आत्मचरित्र आहे. 'लेडी सिंग्ज द ब्लूज' हे पुस्तक १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन पत्रकार विल्यम डफ्टी याने केले होते. पुस्तकाच्या आरंभीच आईवडिलांच्या लग्नाचा उल्लेख येतो. प्रत्यक्षात ते लग्न झालेले नव्हते. जन्मगाव बॉल्टिमोर असल्याचे सांगितले जाते; जन्म फिलाडेल्फियाचा होता. प्रकाशकाच्या कायदेविषयक चिंतेपायी काही नावे व प्रसंग गाळले गेले. अशा पुस्तकाला अविश्वसनीय म्हणून बाजूला सारणे सोपे आहे आणि अनेक चरित्रकारांनी तेच केले. परंतु आत्मचरित्र म्हणजे शपथपत्र नव्हे. ज्या स्त्रीला वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासून न्यायालये, सुधारगृहे आणि पोलीस यांनी आपापल्या दप्तरांत नोंदवून ठेवले होते, तिने त्या दप्तरांशी न जुळणारी कथा सांगणे यातही एक भूमिका आहे. फराह जास्मिन ग्रिफिनने २००१ मधील आपल्या ग्रंथात हॉलिडेभोवतीच्या प्रतिमांची जी चिकित्सा केली आहे, तीमुळे हॉलिडेचे मौन, तिने घेतलेली रूपे आणि आडपडदे यांच्याकडेही अर्थपूर्ण कृती म्हणून पाहण्याची वाट मोकळी झाली.

या पुस्तकाशी निगडित एक प्रसंग चिंतनीय आहे. १० नोव्हेंबर १९५६ रोजी कार्नेगी हॉलमध्ये हॉलिडेची मैफल झाली. तिच्या गाण्यांच्या मधूनमधून गिल्बर्ट मिलस्टीन हा पत्रकार आत्मचरित्रातील उतारे वाचत होता. म्हणजे तिच्याच रंगमंचावर, तिच्याच उपस्थितीत, तिचे आयुष्य प्रथमपुरुषी एकवचनात एक पुरुष वाचून दाखवत होता आणि ती त्या वाचनाला गाण्यांची जोड देत होती. चरित्र ही मुख्य संहिता आणि गाणे हे तिचे उदाहरण, अशी उतरंड याहून स्पष्ट रूपात मांडता येणार नाही. १९७२ च्या चित्रपटाने ही उतरंड जगभर नेली.

हॉलिडेचे कर्तृत्व कोठे शोधायचे? तिच्या आवाजाचा पल्ला लहान होता. १९३५ पासून टेडी विल्सनच्या वाद्यवृंदाबरोबर तिने मुद्रित केलेल्या गाण्यांपैकी बरीचशी व्यापारी गीतनिर्मितीच्या कारखान्यातून आलेली, सामान्य वकुबाची होती. ती मूळ चालीतील चढउतार काढून टाकी, तिला दोन-चार स्वरांच्या परिघात आणी, शब्द तालाच्या किंचित मागे ठेवी. या विलंबामुळे भाबड्या प्रेमगीताच्या शब्दांवर संशयाची छाया पडते. म्हटलेले वाक्य आणि त्याचा अभिप्राय यांत फट निर्माण होते. अँजेला डेव्हिसने १९९८ मधील ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, हॉलिडे या गीतांच्या रूढ अर्थाला आतून छेद देते. साहित्यमीमांसेच्या परिभाषेत ही वक्रोक्ती होय. फरक इतकाच, की येथे वक्रता शब्दाच्या योजनेत नसून त्याच्या उच्चारणकाळात आहे.

'स्ट्रेंज फ्रूट' या गाण्याने मात्र कर्तृत्वाच्या दाव्याची मर्यादाही दाखवून दिली. झुंडीने ठार मारून झाडाला लटकावलेल्या कृष्णवर्णीय देहांची ही कविता ब्रॉंक्समधील एका शाळेतील शिक्षक एबल मिरोपोल याने लिहिली. १९३७ मध्ये ती शिक्षक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. चालही त्यानेच बांधली. १९३९ मध्ये 'कॅफे सोसायटी' या क्लबमध्ये हॉलिडे ते गाणे गाऊ लागली. ते मुद्रित करण्यास कोलंबियाने नकार दिला, तेव्हा कॉमोडोर या छोट्या कंपनीने २० एप्रिल १९३९ रोजी ते मुद्रित केले. क्लबचा मालक बार्नी जोसेफसन याने सादरीकरणाचा विधी ठरवला : कार्यक्रमातले हे शेवटचे गाणे, वाढपी थांबणार, सर्व दिवे मालवून फक्त चेहऱ्यावर झोत, त्यानंतर पुन्हा रंगमंचावर येणे नाही. आत्मचरित्रात मात्र चाल बांधण्याचे श्रेय हॉलिडेने स्वतःकडेही घेतले आणि मिरोपोलला त्याविरुद्ध तक्रार करावी लागली.

तक्रार रास्त होती. गायिकेचे कर्तृत्व सिद्ध करण्यासाठी कवीचे कर्तृत्व हिरावून घेण्याचे कारण नाही. तरीही हॉलिडेच्या चुकीच्या दाव्यामागे एक खरी अडचण होती. आपण या गाण्याचे जे केले त्याला नाव देणारा शब्द प्रचलित व्यवस्थेत नव्हता. शब्द लिहिणारा आणि चाल बांधणारा एवढेच दोन कर्ते ती व्यवस्था ओळखत होती. म्हणून तिने उपलब्ध असलेला शब्द वापरला. हॅमंडला हे गाणे तिच्या कलेच्या दृष्टीने हानिकारक वाटले. त्याच्या मते ती येथून कृत्रिमतेकडे वळली. आपल्या निवडींची जाणीव असलेली गायिका या शोधकर्त्याला रुचली नाही, याचा अर्थ स्पष्ट आहे. त्याला निसर्गदत्त स्वर हवा होता. 'स्ट्रेंज फ्रूट'मध्ये त्याला विचार करणारी कलावती भेटली.

या निवडीची किंमत तिने कोणत्या परिस्थितीत मोजली हे विसरता येत नाही. १९४७ मध्ये अमली पदार्थांच्या आरोपाखाली तिला एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. सुटकेनंतर न्यू यॉर्कमधील मद्यविक्री होणाऱ्या क्लबमध्ये गाण्यासाठी आवश्यक असलेला पोलिसांचा परवाना तिला मिळाला नाही. १९५९ मध्ये इस्पितळातील खाटेवरच तिला पुन्हा अटक झाली आणि १७ जुलै रोजी ती वारली. येथे चरित्र कृतीच्या बाहेर राहत नाही. गाण्याची जागाच हिरावली जाते. परंतु चरित्राचा हा उपयोग वेगळा आहे. तो गाण्याचा उगम सांगत नाही, गाण्यावर घातलेले निर्बंध सांगतो.

४

पॉल रॉब्सनच्या कारकिर्दीत कर्तृत्वाचा हा झगडा उघड आणि जाणीवपूर्वक झाला. गुलामगिरीतून पळून आलेल्या आणि पुढे धर्मोपदेशक झालेल्या पित्याचा हा पुत्र रटगर्स आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकला. कायद्याची पदवी घेऊनही तो रंगभूमीकडे वळला. एप्रिल १९२५ मध्ये न्यू यॉर्क येथे लॉरेन्स ब्राउनच्या साथीने त्याने केवळ कृष्णवर्णीयांच्या गीतांची मैफल सादर केली. लोकगीतांच्या संग्रहात जमा होणाऱ्या सामग्रीला त्याने मैफलीच्या संगीताची प्रतिष्ठा दिली.

'ओल' मॅन रिव्हर' हे गाणे जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांनी १९२७ च्या 'शो बोट' या संगीतिकेसाठी रचले. रॉब्सनने ते १९२८ मध्ये लंडनला, १९३२ मध्ये न्यू यॉर्कला आणि १९३६ च्या चित्रपटात गायिले. मूळ गीतातील हमाल थकलेला आहे. जगण्याला कंटाळलेला आणि मरणाला भ्यालेला आहे. श्वेतवर्णीय गीतकाराने सहानुभूतीने रेखाटलेली ही हताशा होती. स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळापासून रॉब्सन मैफलींत या गीताचे शब्द बदलून गाऊ लागला. वर्णवाचक हीन शब्द त्याने गाळला, बोलीचे विडंबन कमी केले आणि शेवटच्या ओळींत थकव्याच्या जागी मरेपर्यंत लढण्याचा निर्धार घातला. हॅमरस्टाइनला हे मान्य नव्हते. आपले शब्द बदलण्याचा अधिकार त्याने कोणालाही दिला नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने हॅमरस्टाइनची बाजू भक्कम होती. परंतु ज्या माणसाच्या तोंडी ते शब्द घातले गेले होते, त्याच्या समूहातील एकाने ते शब्द नाकारणे हीदेखील एक वाचनक्रिया होती. गीताने ज्याला 'ते' म्हणून पाहिले होते तो आता 'मी' म्हणून बोलू लागला. चाल तीच, नदी तीच, गायकही तोच. बदलला तो वक्ता. पुढे भूपेन हजारिका कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना रॉब्सनच्या सहवासात आले. त्यांच्या असमिया 'बिस्तीर्ण पाररे' या गीतात आणि त्याच्या हिंदी अवतारात नदीलाच जाब विचारला जातो. या परंपरेचे मूळ हॅमरस्टाइनच्या संहितेइतकेच रॉब्सनच्या प्रक्षेपातही आहे.

रॉब्सनवर राज्यसंस्थेने केलेला आघात याच कर्तृत्वावर होता. १९५० मध्ये त्याचे पारपत्र रद्द करण्यात आले. देशांतर्गत सभागृहे बंद झाली. १९५२ मध्ये त्याने कॅनडाच्या सीमेवर उभे राहून पलीकडील श्रोत्यांसाठी गायिले. १९५७ मध्ये अटलांटिकखालील दूरध्वनी तारेवरून लंडनच्या श्रोत्यांना आणि नंतर वेल्समधील खाणकामगारांना गाणी ऐकवली. देह अडवला तरी स्वर सीमा ओलांडतो, ही अन्यथा काव्यमय वाटणारी गोष्ट येथे तांत्रिक वस्तुस्थिती होती. १९५८ मध्ये त्याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त भारतात समारंभ समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. पंडित नेहरूंनी तिला जाहीर पाठिंबा दिला. हे समारंभ होऊ नयेत यासाठी अमेरिकन परराष्ट्र खात्याने दडपण आणून पाहिले. एका गायकाच्या वाढदिवसाची महासत्तेने घेतलेली ही दखल त्याच्या स्वराचे राजकीय वजन सांगते. त्याच वर्षी, लॉइड ब्राउनच्या सहकार्याने लिहिलेले 'हिअर आय स्टँड' हे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुख्य प्रवाहातील श्वेतवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी त्याकडे पाठ फिरवली. हॉलिडेच्या दुःखकथेला वाचक लाभले. रॉब्सनच्या भूमिकेला परीक्षणही लाभले नाही. कृष्णवर्णीय गायकाकडून कोणत्या प्रकारचे आत्मकथन अपेक्षित होते हे या तुलनेतून उघड होते.

५

१९६७ मध्ये रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि संहितेच्या अर्थाची मालकी वाचकाकडे सोपवली. १९७२ मध्ये त्यानेच 'आवाजाच्या पोता'ची संकल्पना मांडली. भाषेला भेटणाऱ्या कंठातील देहाचा तो शोध होता. या दोन्ही विचारांचे ऋण प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाला मान्य करावेच लागते. तथापि दोन्ही विचार पुरेसे नाहीत. लेखकाचा मृत्यू ही मुक्ती ठरण्यासाठी आधी लेखकपण मिळालेले असावे लागते. बेसी स्मिथला ते कराराने नाकारले, हॉलिडेला श्रेयनामावलीने, रॉब्सनला स्वामित्वहक्काने आणि नंतर राज्यसंस्थेने. त्यांच्या बाबतीत कर्त्याचे विसर्जन हा सिद्धान्तातील नवा प्रयोग नाही, जुनाच व्यवहार आहे. आणि आवाजातील देहाचा गौरव करताना देह म्हणजेच नैसर्गिकता हे हॅमंडचे समीकरण पुन्हा मागील दाराने आत येणार नाही, याचीही दक्षता घ्यावी लागते.

यावर असा आक्षेप घेता येईल, की कर्तृत्वाचा असा आग्रह धरणे म्हणजे स्वच्छंदतावादी प्रतिभापुरुषाला पुन्हा सिंहासनावर बसवणे होय. आक्षेप विचारार्ह आहे. पण तो येथे लागू पडत नाही. 'स्ट्रेंज फ्रूट' कवी, गायिका, क्लबचा मालक आणि काळोखात बसलेला श्रोता यांच्यात घडते. 'बॅक वॉटर ब्लूज'चा अर्थ श्रोते दोन महिन्यांनी आलेल्या पुराशी जोडतात. 'ओल' मॅन रिव्हर' दोन परस्परविरोधी हेतूंचे रणक्षेत्र होते. हे कर्तृत्व वाटलेले, वादग्रस्त आणि प्रयोगागणिक नव्याने सिद्ध करावे लागणारे आहे. त्याची नोंद घ्यायची तर मुद्रित शब्द आणि प्रत्यक्ष उच्चार यांतील अंतराचे वाचन करावे लागेल. एकाच गीताची निरनिराळ्या वर्षांतील ध्वनिमुद्रणे पाठभेदांसारखी तपासावी लागतील. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेचे शास्त्र ज्यांना अवगत आहे त्यांना हे काम अपरिचित नाही.

बेसी स्मिथच्या थडग्यावर १९७० पर्यंत दगड नव्हता. त्या वर्षी गायिका जॅनिस जॉप्लिन आणि बेसीला पूर्वी ओळखणारी ज्वानिता ग्रीन या दोघींनी खर्च करून तो बसवला. तोपर्यंत तिच्या मृत्यूवरील नाटकाचा पहिला प्रयोग होऊन दहा वर्षे झाली होती. तिच्या तबकड्या मात्र या सर्व काळात उपलब्ध होत्या आणि त्यांतील प्रत्येक निर्णय ऐकू येण्याजोगा होता.